सेंधव्याच्या घाटाचे राखणदार खाज्या नाईक

जगाच्या इतिहासाचें कोणतेंहि मोठें पुस्तक उघडलें, तरी त्यांत इंग्लंडच्या तीरंदाजांची हकीकत बहुधा आढळतेच. इ. स. १३४६ सालीं क्रेसी येथें व इ. स. १४१५ सालीं अ‍ॅजिनकोर्ट येथें साध्या शेतकऱ्यांच्या मुलांनीं लांब धनुष्याच्या बळावर फ्रान्सच्या चिलखती सरदारांची दाणादाण उडविली, हें वर्णन वाचतांना कोणत्याहि मुलाचें मन उचंबळून येतें. परंतु ज्या नंदुरबार जिल्ह्यांत आपण राहतों, त्याच्या उत्तर अंगास उभ्या असलेल्या सातपुड्यांत धनुष्यबाण हें केवळ पुस्तकांतलें शस्त्र नाहीं. अक्कलकुवा, धडगांव, तळोदें व शहादें या तालुक्यांच्या डोंगरी पाड्यांवर तीरकामठा घरोघर परिचयाचा आहे, आणि होळीच्या दिवसांत तो खांद्यावर घेऊन नाचणारे पुरुष आमच्या वाचकांपैकीं पुष्कळांनीं पाहिले असतील. याच तीरकामठ्यानिशीं दीडशेंहून अधिक वर्षांपूर्वीं एक पुरुष एका बलाढ्य सत्तेशीं झुंजला. त्यांचें नांव खाज्या नाईक. कांहीं जुन्या कागदांत त्यांना काजरसिंग असेंहि म्हटलें आहे. त्यांचें चरित्र आज आम्ही विद्यार्थ्यांपुढें व त्यांच्या आईबापांपुढें ठेवीत आहों.

मात्र खाज्या नाईकांचें चरित्र नीट समजावयाचें, तर आधीं धनुष्य या शस्त्राचा स्वभाव समजून घेतला पाहिजे. त्यासाठीं क्षणभर इंग्लंडकडेच वळूं या.

इंग्लंडचें लांब धनुष्य पुरुषभर उंच, पुष्कळदां त्याहूनहि उंच असे. तें यू नांवाच्या वृक्षाच्या लांकडाचें करीत. या लांकडाचा बाहेरचा पांढुरका थर ताण सोसतो आणि आंतला तांबूस गाभा दाब सोसतो. म्हणून एकाच काठींत वांकण्याचा व झटक्यानें सरळ होण्याचा असे दोन्ही गुण एकत्र सांपडतात. इ. स. १५४५ सालीं बुडालेलें मेरी रोज नांवाचें लढाऊ जहाज इ. स. १९८२ सालीं समुद्राच्या तळांतून वर काढण्यांत आलें. त्या जहाजावरचीं शंभराहून अधिक धनुष्यें व हजारों बाण हातीं आले. त्यांपैकीं बहुतेक धनुष्यें ओढण्यास शंभर पौंडांहून अधिक, आणि कित्येकांना तर दीडशें पौंडांहूनहि अधिक जोर लागत असला पाहिजे, असा तज्ज्ञांचा हिशेब आहे. एवढा जोर कोणाच्याहि अंगीं एका महिन्यांत येत नाहीं. बालपणीं लहान धनुष्य, मग त्याहून मोठें, मग त्याहून मोठें, असा वर्षानुवर्षांचा अभ्यास केला म्हणजेच तो येतो. म्हणून इ. स. १३६३ सालीं तिसऱ्या एडवर्ड राजानें असा हुकूम काढला कीं, सुटीच्या व सणाच्या दिवशीं धडधाकट पुरुषांनीं इतर खेळ सोडून तीरंदाजीचा सराव करावा.

आणखी एक गोष्ट ध्यानांत ठेवण्याजोगी आहे. इंग्लंडला लांब धनुष्याचा धडा वेल्सच्या डोंगरी लोकांनीं दिला, असें पुष्कळ इतिहासकार मानतात. पहिल्या एडवर्ड राजानें इ. स. १२८३ च्या सुमारास वेल्स जिंकून घेतलें, तेव्हां तेथील तीरंदाजांचे बाण त्याच्या शिपायांनीं चांगलेच अनुभवले होते. पुढें त्यानें त्याच डोंगरी लोकांना वेतन देऊन आपल्या फौजेंत घेतलें. काल जें शस्त्र शत्रूचें होतें, तें आज राजाचें झालें. आणि पुढील शंभर-दीडशें वर्षें युरोपांतील मोठमोठे सरदार त्या शस्त्राला भीत राहिले.

मग हें धनुष्य मागें कां पडलें? आरंभींच्या बंदुकीपेक्षां तें अधिक झपाट्यानें चाले. सराईत तीरंदाज मिनिटांत दहा बाण सोडी, आणि बंदूकवाल्याच्या तेवढ्या वेळांत फार थोड्या गोळ्या सुटत. परंतु तीरंदाज तयार होण्यास आयुष्यांतलीं उमेदीचीं वर्षें लागत, आणि बंदूकवाला कांहीं आठवड्यांत तयार होई. एक तीरंदाज पडला, तर त्याची जागा भरण्यास वीस वर्षें थांबावें लागे. एक बंदूकवाला पडला, तर दुसरा लगेच उभा करतां येई. शिवाय गोळी चिलखत फोडी. अखेर इ. स. १५९५ सालीं एलिझाबेथ राणीच्या मंत्रिमंडळानें इंग्लंडच्या शिबंदींतून धनुष्य काढून बंदूक देण्याचें ठरविलें. खुद्द ज्या देशानें धनुष्याचा एवढा गौरव केला, त्यानेंच तें अशा रीतीनें खालीं ठेवलें. हें सूत्र वाचकांनीं मनांत धरावें, म्हणजे पुढची हकीकत सहज उलगडेल.

सातपुड्यांतील भिल्लांचा कामठा यू वृक्षाचा नसून बांबूचा असतो. त्याची दोरीहि बहुधा बांबूच्याच चिवट कांबीची असते. बाणाची काडी हलक्या बोरूची किंवा वेळूची, मागें पिसें, पुढें लोखंडाचें पातें. एका लोखंडाखेरीज बाकी सारें साहित्य रान देतें. ज्याच्याजवळ पैसा नाहीं, कारखाना नाहीं, दारूगोळा नाहीं, अशा मनुष्याला स्वतःच्या हातांनीं करतां येईल असें हें शस्त्र आहे. भिल्ल तीरंदाज बाण सोडतांना आंगठा लावीत नाहीं, दोन बोटांनींच दोरी ओढतो, आणि हें तो एकलव्याच्या आंगठ्याच्या स्मरणार्थ करतो, असें लोक सांगतात. खरी गोष्ट कांहीं असो. ज्यांनीं ही कथा जपली, त्यांना विद्येचें मोल आणि अन्यायाचें दुःख हीं दोन्ही ठाऊक होतीं एवढें खास.

आतां आपण खानदेशाकडे वळूं. आजचे नंदुरबार, धुळें व जळगांव हे जिल्हे त्या काळीं खानदेश या एकाच जिल्ह्यांत मोडत. इ. स. १८१८ सालीं पेशवाई बुडाली आणि खानदेश इंग्रजांच्या ताब्यांत गेला. त्यापूर्वींचीं पंधरावीस वर्षें या मुलखाला फार वाईट गेलीं होतीं. लढायांनीं, पेंढाऱ्यांच्या धाडींनीं व दुष्काळानें गांवेंच्या गांवें ओस पडलीं होतीं. डोंगरांतील भिल्ल नाईकांना मैदानांतील गांवांकडून पूर्वापार कांहीं हक्क मिळत; ते या धामधुमींत बंद झाले. पोट भरेना, तेव्हां हातांतला कामठा शिकारीऐवजीं लुटीकडे वळला. नव्या सरकारनें प्रथम फौज पाठवून भिल्लांना दडपण्याचा यत्न केला. परंतु दऱ्याखोऱ्यांत पलटणीचा टिकाव लागेना, आणि तापानें शिपाई अंथरुणास खिळूं लागले. तेव्हां मुंबईचे गव्हर्नर एल्फिन्स्टन यांच्या कारकीर्दींत दुसरा मार्ग धरण्यांत आला. नाईकांना त्यांचे हक्क किंवा त्याबद्दल वेतन द्यावें, घाटांची राखण त्यांच्याकडेच सोंपवावी, कांहींना जमिनी द्याव्या, आणि तरुणांची पलटण उभारावी, असें ठरलें. इ. स. १८२५ सालीं जेम्स औट्रम नांवाच्या तरुण अंमलदारानें भिल्लांची पलटण उभारण्यास प्रारंभ केला. तिचें ठाणें पुढें धरणगांव येथें झालें. औट्रम शिकारींत भिल्लांच्या खांद्यास खांदा लावून हिंडे व त्यांच्यावर विश्वास टाकी. म्हणून त्यांनीं त्याच्यावर विश्वास टाकला. वेल्सच्या डोंगरांत जें घडलें होतें, तेंच पांचशें वर्षांनीं सातपुड्याच्या पायथ्याशीं घडत होतें.

या नव्या व्यवस्थेंत ज्यांना घाटाची राखण मिळाली, त्यांत सेंधव्याच्या घाटाचे गुमान नाईक हे एक होते. खाज्या नाईक हे त्यांचे पुत्र. मुंबईहून आग्र्यास जाणारा मोठा रस्ता धुळें व शिरपूर सोडल्यावर सातपुड्यांत शिरतो आणि घाट चढून सेंधव्यास पोंचतो. आज शिरपूर धुळें जिल्ह्यांत व सेंधवा मध्य प्रदेशाच्या बडवानी जिल्ह्यांत आहे. मधला घाट दोन राज्यांच्या सीमेवर पडतो. त्या काळीं आगगाडी नव्हती. माळव्याचा कापूस, अफू व धान्य, मुंबईचें कापड व मीठ, सरकारी डाक आणि सावकारांचा रोकड पैसा, हें सारें बैलगाड्यांतून किंवा बैलांच्या पाठीवरून याच वाटेनें जाई. दोहों बाजूंस दाट रान, मध्यें एक वांकडीतिकडी वाट. अशा ठिकाणीं दहा बाणवाले शंभर गाड्या अडवूं शकत. आणि तेच दहा बाणवाले मनांत आणतील, तर शंभर गाड्या सुखरूप पार करून देऊं शकत.

बापामागून घाटाची नाईकी खाज्या नाईकांकडे आली, आणि इ. स. १८३१ च्या सुमारापासून जवळजवळ वीस वर्षें त्यांनीं ती सांभाळली. वीस वर्षें हा थोडा काळ नव्हे. या अवधींत किती व्यापारी, किती यात्रेकरू, किती डाकवाले त्यांच्या भरंवशावर त्या रानांतून गेले असतील याची गणती कोण करील? जो रस्ता पूर्वीं दरोड्यांकरितां प्रसिद्ध होता, तो त्यांच्या माणसांच्या पहाऱ्याखालीं चालूं लागला. उन्हाळ्यांत पाणी नाहीं, पावसाळ्यांत वाट नाहीं, अशा ठिकाणीं रात्रंदिवस जागणें हें काम किती कष्टाचें, हें शहरांत बसलेल्यांना कळणें कठीण आहे. राखणदाराचें काम नेहमीं असेंच असतें. तें नीट चालतें तोंवर कोणाच्या डोळ्यांवर येत नाहीं. बिघडलें म्हणजे मात्र सर्वांच्या डोळ्यांवर येतें.

खाज्या नाईकांच्या हातून बिघडलें तें इ. स. १८५० च्या सुमारास. घाटांतल्या गुन्ह्याच्या संशयावरून पकडलेल्या एका इसमाला त्यांच्या ताब्यांत असतांना मारझोड झाली आणि तींत त्याचा अंत झाला. त्यांच्यावर खटला झाला, त्यांना कित्येक वर्षांच्या कैदेची शिक्षा सुनावण्यांत आली, आणि घाटाची नाईकी गेली. या प्रसंगाविषयीं आम्ही स्पष्ट लिहितों. ताब्यांतल्या निःशस्त्र मनुष्याचा जीव जाणें ही लहान गोष्ट नाहीं. मग तो चोर असो वा साव असो. कायद्यानें त्यांना दोषी धरलें, यांत कायद्याचें चुकलें असें आम्हांस म्हणतां येत नाहीं. परंतु ज्या सरकारनें त्यांना घाटावर नेमलें, त्यानें कोठें किती बळ वापरावें हें त्यांना कधीं शिकविलें होतें काय? चोर पकडा, वाट मोकळी ठेवा, एवढीच अपेक्षा. ती पुरी कशी करावी याची वाच्यता नाहीं. वीस वर्षें ज्या दरडावणीवर सरकारचा रस्ता निर्धास्त राहिला, तीच एके दिवशीं गुन्हा ठरली. खाज्या नाईकांच्या मनांत ही गोष्ट कशी रुतून बसली असेल, हें त्यांच्या पुढच्या वर्तनावरून दिसतें.

तुरुंगांत त्यांची वागणूक चांगली राहिली, आणि मुदत पुरी होण्यापूर्वींच त्यांची सुटका झाली. इतक्यांत इ. स. १८५७ सालचा उठाव झाला. मेरठ, दिल्ली, कानपूर, लखनौ येथील बातम्या हां हां म्हणतां दक्षिणेकडे पसरल्या. जुलै महिन्यांत इंदुरास व महू येथेंहि शिपाई उठले. आतां मुंबई व माळवा यांना जोडणारा सेंधव्याचा घाट सरकारला पूर्वींपेक्षां शतपट मोलाचा वाटूं लागला. घाट राखणें ज्याला साधतें असा माणूस पाहिजे होता. आणि तसा माणूस एकच होता. ज्यांना कांहीं वर्षांपूर्वीं बेड्या घातल्या होत्या, त्यांनाच सरकारनें पुन्हा घाटाच्या राखणीस बोलाविलें. त्यांनीं तें काम थोडे दिवस केलेंहि. परंतु फुटलेलें मडकें सांधलें, तरी त्यांत पाणी ठरत नाहीं. थोड्याच काळांत खाज्या नाईकांनीं चाकरी सोडली आणि ते उघडपणें सरकारविरुद्ध उभे राहिले.

त्यांना बडवानीकडचे भीमा नाईक येऊन मिळाले. भिल्लांखेरीज मक्राणी व अरब शिपाईहि जमले. हे लोक पूर्वीं लहानमोठ्या संस्थानांत चाकरीस असत, आणि त्यांच्याजवळ तोड्याच्या बंदुका असत. भिल्लांचें मुख्य शस्त्र मात्र तीरकामठाच होतें. हा समुदाय शेंकड्यांनीं मोजण्याइतका वाढला. याच काळांत नाशिक व नगर या भागांत भागोजी नाईक यांच्या नेतृत्वाखालीं भिल्ल उठले होते. त्यामुळें खानदेशाच्या दोन्ही बाजूंस सरकारला स्वस्थता उरली नाहीं.

इ. स. १८५७ च्या नोव्हेंबर महिन्यांत इंदुराहून मुंबईकडे जाणारा सुमारें सात लक्ष रुपयांचा खजिना सेंधव्याच्या घाटांत खाज्या नाईकांच्या लोकांनीं लुटला. त्या काळच्या सात लक्षांची किंमत आजच्या हिशेबानें किती तरी अधिक होईल. घाटांत धनुष्य हें किती घातक शस्त्र आहे, याचा प्रत्यय सरकारला त्या दिवसांत आला. बंदूक उडाली म्हणजे आवाज होतो, धूर निघतो, आणि मारणारा कोठें आहे हें कळतें. बाण कोठून आला हें बाण लागल्यावरहि कळत नाहीं. वरून खालीं सुटलेल्या बाणाला उताराची मदत असते, आणि खालून वर गोळी मारणारास झाडें व खडक आड येतात. जो घाट वीस वर्षें राखला, त्याचा एकूणएक दगड खाज्या नाईकांच्या ओळखीचा होता. राखणदाराची विद्या आणि लुटणाराची विद्या एकच असते. फरक असतो तो मनाचा. तें मन सरकारनें गमाविलें होतें.

अर्थात् या लुटींत आणि पुढच्या धाडींत कित्येक निरपराध व्यापारी व गांवकरी नाडले गेले असतील, हेंहि विसरतां कामा नये. युद्ध कोणाच्याहि नांवानें पुकारलें, तरी त्याचा पहिला मार गरिबाच्या झोपडीवर बसतो.

सरकारनें हिंवाळ्यांत फौजेची जमवाजमव केली. भिल्ल पलटण सरकारच्या बाजूनेंच राहिली होती. म्हणजे एकाच जातीचे, एकच बोली बोलणारे तरुण आतां दोहों बाजूंस उभे होते. एका हातांत सरकारची बंदूक, दुसऱ्या हातांत बापजाद्यांचा कामठा. अखेर इ. स. १८५८ च्या एप्रिल महिन्याच्या ११ तारखेस सातपुड्यांतील आंबापाणी येथें दोन्ही पक्षांची गांठ पडली. खाज्या नाईकांच्या लोकांनीं खडकांचा व झाडांचा आसरा घेऊन मोठ्या निकरानें सामना दिला. सरकारी फौजेंतील कित्येक शिपाई पडले आणि गोरे अंमलदारहि जखमी झाले. परंतु शेवटीं बंदुकीपुढें कामठ्याचा टिकाव लागला नाहीं. पुष्कळ भिल्ल रणांत पडले. त्यांत खाज्या नाईकांचा पुत्रहि होता. जे हातीं सांपडले, त्यांपैकीं कित्येकांना लष्करी न्यायानें जागच्या जागीं गोळ्या घालण्यांत आल्या. नाईकांच्या कुटुंबांतील व इतर पुष्कळ स्त्रिया धरल्या गेल्या. खाज्या नाईक मात्र निसटले.

येथें आमचे विद्यार्थी विचारतील कीं, अ‍ॅजिनकोर्टला धनुष्य जिंकलें आणि आंबापाण्याला तें हरलें, असें कां? भिल्ल तीरंदाज नेमबाजींत किंवा धैर्यांत उणा होता काय? नव्हता. परंतु अ‍ॅजिनकोर्टला पांचवा हेन्री राजा स्वतः तीरंदाजांच्या पाठीशीं उभा होता. त्याच्या मागें सबंध राज्याचा खजिना होता, गाड्या भरभरून बाण होते, वेतन ठरलेलें होतें. दोहों बाजूंस रान असल्यामुळें रणभूमि अरुंद झाली होती. पावसानें चिखल झाला होता. तीरंदाजांनीं आपल्यापुढें टोंकदार खुंट रोविले होते. आणि फ्रेंच सरदार जड चिलखतें घालून त्या चिखलांतून चालत आले. तेथें बंदूक जवळजवळ नव्हतीच. आंबापाण्याला याच्या सर्वस्वीं उलट स्थिति होती. भात्यांतले बाण संपले, कीं दुसरे आणून देणारें कोणी नव्हतें. बायकामुलें लढणारांच्या शेजारींच होतीं. आणि समोर जी बंदूक होती, तिच्यामागें एक सबंध साम्राज्य होतें. एक शिपाई पडला तर त्याची जागा भरून निघे. भिल्लांचा एक धनुर्धर पडला, कीं त्याच्याबरोबर वीस वर्षांची विद्या पडे. रणांगणावर धनुष्य धनुष्याच्या बळावर जिंकत नाहीं. त्याच्यामागें जो समाज, जें राज्य व जी व्यवस्था उभी असते, तिच्या बळावर तें जिंकतें.

यानंतर खाज्या नाईकांनीं आणखी दोन वर्षें डोंगरांत काढलीं. त्यांना पकडून देणारास बक्षीस जाहीर झालें होतें. पुत्र गेलेला, कुटुंबाची वाताहत झालेली, सोबती पांगलेले, धान्य मिळण्याची मारामार. तरी ते शरण गेले नाहींत. फौजांना जें साधलें नाहीं, तें अखेर विश्वासघातानें साधलें. इ. स. १८६० सालीं, विश्वासू म्हणून जवळ वावरणाऱ्या एका मक्राण्याच्या हातून त्यांचा घात झाला. ज्यांनीं वीस वर्षें परक्यांची वाट राखली, त्यांच्या पाठीची राखण करणारा कोणी उरला नव्हता. भागोजी नाईक त्याच्या आदल्याच वर्षीं लढतांना पडले होते. भीमा नाईक आणखी कांहीं वर्षें डोंगरांत टिकले, पुढें इ. स. १८६७ मध्यें ते पकडले गेले, त्यांना अंदमानास काळ्या पाण्यावर पाठविण्यांत आलें, आणि तेथेंच इ. स. १८७६ सालीं त्यांचा अंत झाला.

अशा पुरुषाला कोणतें नांव द्यावें? त्या काळच्या सरकारी कागदांत त्यांना दरोडेखोर म्हटलें आहे. आज त्यांना स्वातंत्र्यवीर म्हणून गौरविण्यांत येतें. आम्हांस असें वाटतें कीं, एकाच शब्दांत मनुष्य मावत नाहीं. इमानी चाकर, अपराधी कैदी आणि निर्भय बंडखोर, हीं तिन्ही रूपें एकाच पुरुषाचीं होतीं, आणि एकांतून दुसरें उपजलें होतें. त्यांच्या चरित्रांतून आम्हीं घ्यावयाचा बोध हा कीं, ज्याच्याकडून आपण राखण करवून घेतों, त्याच्याशीं न्यायानें वागणें हें आपलें कर्तव्य आहे. चाकराला काम सांगतांना त्याची रीत शिकवावी. तो चुकला तर शासन करावें, पण त्याची पूर्वींची सेवा विसरूं नये. आणि गरज पडली म्हणजे हांक मारावी, गरज सरली म्हणजे टाकून द्यावें, असें तर कधींच करूं नये. वेल्सचा तीरंदाज राजाच्या सैन्यांत टिकला, त्याचें एक कारण त्याला मिळणारा मान व ठरलेलें वेतन हें होतें. औट्रमलाहि तें साधलें होतें. पुढें साधलें नाहीं, तेव्हां सेंधव्याचा घाट रक्तानें भिजला. ही गोष्ट राज्यांनाच लागू आहे असें नाहीं. घरांतला गडी, शेतावरचा सालदार, शाळेचा शिपाई यांच्याशीं वागणाऱ्या प्रत्येकाला ती लागू आहे.

विद्यार्थिमित्रहो, तुमच्यापैकीं पुष्कळ जण याच डोंगरांतल्या पाड्यांवरून शिकण्यास आलेले आहांत. तुमच्या आजोबांच्या घरीं भिंतीला टांगलेला कामठा असेल, तर सुटींत घरीं गेल्यावर त्यांच्यापाशीं बसा. बांबू कोणत्या ऋतूंत तोडावा, कांब कशी काढावी, बाणाला पिसें कशीं बसवावीं, हें त्यांना विचारा आणि वहींत लिहून ठेवा. मेरी रोज बुडाली म्हणून इंग्लंडच्या धनुष्यांची खरी माहिती समुद्राच्या पोटांत चारशेंहून अधिक वर्षें टिकून राहिली. आपली विद्या टिकावयाची असेल, तर ती वृद्धांच्या तोंडून तरुणांच्या हातांतच आली पाहिजे. आज धनुष्य युद्धाचें शस्त्र राहिलें नाहीं, तें खेळाचें साधन झालें आहे. राजस्थानच्या अहारी जमातींतले लिंबा राम इ. स. १९८८, १९९२ व १९९६ अशा तीन ऑलिंपिक सामन्यांत आपल्या देशाकडून तीरंदाजी खेळले. सातपुड्याच्या मुलांना तें अशक्य आहे असें आम्हांस वाटत नाहीं. जी विद्या वर्षानुवर्षांच्या अभ्यासानें येते, ती कोणाला विकत घेतां येत नाहीं आणि कोणाला हिरावूनहि नेतां येत नाहीं. तीरकामठ्याचें हें थोरपण तुम्हीं ओळखावें, आणि तो ज्यांच्या हातांत शोभला त्या खाज्या नाईकांचें नांव घेतांना त्यांचें सारें चरित्र, दोषासकट व तेजासकट, आठवावें, एवढीच आमची इच्छा आहे.